पाऊण मापाचे ठिपके

माझी ताई घड्याळावरसुद्धा विश्वास ठेवत नाही. भिंतीवरचं बघते, मग मनगटावरचं बघते, मग खिडकीतून वाकून समोरच्या औषधांच्या दुकानातलं बघते. तिन्ही जुळली तर माणसाने समाधान मानावं की नाही? छे! "आज तिन्ही एकदम कशी जुळली गं?" असं मलाच विचारते. मी काय घड्याळजी आहे?

ती ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. बावीस वर्षं झाली. शेवटची ओळ, भिंतीकडची खुर्ची. पुढे सरकायची संधी दोनदा आली होती, दोन्ही वेळा तिने नको म्हटलं. पुढे गेलं की मागे माणसं बसतात, आणि मागे बसलेलं माणूस काय बघेल याचा नेम नाही, असं तिचं म्हणणं. मी त्याच ऑर्केस्ट्रात नोटेशनच्या फाइली सांभाळते. कुणाच्या स्टँडवर कुठला कागद जायचा, कुठल्या ओळीत काय दुरुस्ती झाली, तालीम किती वाजता, हे सगळं माझ्याकडे. मला स्वतःला एकही वाद्य येत नाही. पण इतकी वर्षं हॉलच्या मागच्या खोलीत बसून सूर चढला की उतरला एवढं मला कळतं, आणि कळत नाही असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही.

माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. पहिला मजला, दोन खोल्या, खाली लाँड्री. लाँड्रीत कपडे टाकण्याआधी ताई प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीत एक निळा टाका घालते, बदलून दिला तर ओळखता यावा म्हणून. आजवर एकही कपडा बदललेला नाही. "टाक्यामुळे," ती म्हणते. दाढ दुखली तर तीन डॉक्टर, आणि तिघांनी एकच दाढ दाखवली की यांचं आपसांत ठरलंय. तरुणपणी पोस्टातला एक गृहस्थ तिच्या वाजवण्याची फार स्तुती करायचा. चांगला होता हो, दिसायलाही आणि वागायलाही. ताई म्हणाली, "याला व्हायोलिनमधलं ओ की ठो कळत नाही, मग स्तुती का करतो? याला काहीतरी हवंय." हवंच होतं! लग्न हवं होतं! दोन वर्षं वाट बघून त्याने दुसरीकडे लग्न केलं, तर ही म्हणते, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

ऑर्केस्ट्रात तिला पाठीमागे 'फौजदार' म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं याचा तपास ताई सोळा वर्षं करते आहे. मीच ठेवलंय, पण ते आता राहू दे.

एवढं सगळं असून माझ्यावर मात्र तिचा काडीचाही संशय नव्हता. मी भाजी ताजी आहे म्हटलं की ताजी. मी दार लावलं म्हटलं की ती उठून बघायला जायची नाही. आमची आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं, चार वर्षांनीच मोठी असून. मला ती अजून 'छोटी' म्हणते. अठ्ठेचाळीस वर्षांची छोटी.

आता मूळ गोष्ट. व्हायोलिन हे मोठं अवघड वाद्य. पियानोवर बोट पडलं की सूर ठरलेला. चुकीचं बोट पडलं तर चुकीचा, पण ठरलेलाच. गिटारीलाही आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. व्हायोलिनच्या मानेवर काय, तर एक काळी गुळगुळीत पट्टी. कुठेही खूण नाही. बोट केसभर इकडेतिकडे झालं की सूर गेला. कुठे थांबायचं ते कानाने ठरवायचं, दुसरा इलाज नाही. म्हणून नवशिक्या मुलांसाठी मास्तर त्या पट्टीवर चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून देतात, पहिलं बोट इथे, दुसरं इथे. वर्षभराने ते काढून टाकतात. मूल दोन दिवस रडतं, मग वाजवायला लागतं.

ताईच्या सरांनी वर्गातल्या सगळ्यांचे तुकडे काढायचा दिवस ठरवला होता. त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली आणि ते गेले. दुसरे सर आले, त्यांना वाटलं सगळ्यांचे काढून झालेत. बाकीच्या मुलींनी घरी जाऊन स्वतःच ओरबाडून काढले. ताईने काढले नाहीत. चिकटपट्टी काढली, पण तिच्या जागी काळ्या पट्टीच्या कडेला पांढऱ्या रंगाचे चार ठिपके दिले, टाचणीच्या डोक्याएवढे. वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावलं तरच दिसतील असे. रंग उडाला की पुन्हा द्यायचे. पंधराव्या वर्षी दिलेले ठिपके तिशी उलटली तरी होतेच. नोकरीसाठीची परीक्षा पडद्याआडून झाली, नाव दिसू नये, चेहरा दिसू नये, नुसतं वाजवणं ऐकावं म्हणून. पडद्याने तिचे ठिपकेही झाकले. ती पहिली आली. "लबाडीने आले," असं ती मला त्या दिवशी घरी येऊन म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून रडली.

तुम्ही म्हणाल, चार ठिपके, त्यात एवढं काय! अहो, गणिताच्या मास्तरांनी टेबलाखाली बोटं मोजून बेरीज करावी, तसं आहे ते. त्या लोकांत हे कळलं असतं तर तिला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. भिंतीकडची खुर्ची का, व्हायोलिनला कुणाला हात का लावू देत नाही, पेटी कायम दोन पायांच्या मध्ये का ठेवते, याचं उत्तर हे चार ठिपके. आणि जगात हे फक्त मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात आमचा जुना मुख्य वादक निवृत्त झाला आणि पहिल्या खुर्चीवर नवीन आला. जेमतेम चाळिशीचा, इस्त्रीची घडी न मोडणारा. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी त्याचं 'हेडमास्तर' करून टाकलं. हेडमास्तरांनी एक जुना नियम उकरून काढला. कार्यक्रम चालू असताना मुख्य वादकाची तार तुटली तर त्याने थांबायचं नाही, मागच्याचं व्हायोलिन घ्यायचं. मागच्याने त्याच्या मागच्याचं घ्यायचं. असं करत करत तुटक्या तारेचं व्हायोलिन शेवटच्या ओळीत पोचतं, आणि शेवटचा माणूस उरलेल्या तीन तारांवर जमेल तसं निभावून नेतो. आमच्याकडे कैक वर्षांत असं झालं नव्हतं. "म्हणूनच सराव हवा," हेडमास्तर म्हणाले. गुरुवारी सकाळी दहाला त्याची कवायत. व्हायोलिनं पुढे जातील, आणि प्रत्येकाने हातात येईल त्या व्हायोलिनवर आठ ओळी वाजवायच्या.

ती नोटीस मीच फळ्यावर लावली. ताई वाचत होती तेव्हा मी तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

घरी आल्यावर तिने दार लावलं, कडी घातली, आणि खिडकीसुद्धा लावली.

"कुणी सांगितलं त्याला?" ती म्हणाली.

"कुणाला?"

"हेडमास्तरला! वेड पांघरू नकोस छोटी. नवा माणूस येतो काय, आल्या आल्या सगळ्यांची व्हायोलिनं फिरवायचं काढतो काय. माझंच व्हायोलिन हातात घ्यायचा हा घाट आहे. कुणीतरी कान भरलेत त्याचे."

"अगं, अठरा व्हायोलिनं आहेत. तुझ्या एकटीसाठी तो..."

"तसंच दाखवायचं असतं."

मग संशयितांची यादी झाली. पहिला नंबर चष्मेवाल्यांचा. हे तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. दोघांत एक स्टँड, पान उलटायचं काम त्यांचं. दुसरा नंबर दुरुस्तीवाल्या काकांचा, ज्यांच्याकडे आमच्या सगळ्यांची वाद्यं जातात. तिसरा नंबर लाँड्रीवाला. लाँड्रीवाल्याचा काय संबंध, असं मी विचारलं तर म्हणाली, "त्याच्या छताच्या वर आपली जमीन आहे. सराव ऐकू जातो." कानाने ठिपके ऐकू येतात का, बाई!

"म्हणजे तू सोडून कुणीही असू शकतो," ती म्हणाली.

आता सांगूनच टाकते. ही यादी ज्या माणसापाशी पोचायला हवी होती, ते माणूस मीच.

अकरा वर्षांपूर्वी ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे ती दवाखान्यात होती. व्हायोलिन माझ्या ताब्यात. पलंगाखालचा केर काढताना मी पेटी वर ठेवली, कडी नीट लागलेली नव्हती, आणि पेटी उचलताना व्हायोलिन निसटून फरशीवर पडलं. मानेवरची ती काळी पट्टी डिंक सोडून उखडली. मी दहा मिनिटं जमिनीवर बसूनच होते. मग ते चादरीत गुंडाळून दुरुस्तीवाल्या काकांकडे पळत नेलं. त्यांनी दोन दिवसांत पट्टी बसवली, तारांनी पडलेले चर तासून गुळगुळीत केले, आणि वर म्हणाले, "कडेला काहीतरी पांढरी घाण लागली होती, तीही स्पिरिटने पुसून टाकली."

झालं! ठिपके गेले! ताई चार दिवसांनी घरी येणार. आता काय करू? काकांच्या दुकानात एक शिकाऊ व्हायोलिन लटकत होतं, चिकटपट्ट्या लावलेलं. काका मागे चहा करत होते. मी एका कागदाच्या पट्टीवर त्या खुणांची अंतरं घेतली, घरी आले, आणि पांढरा रंग टाचणीवर घेऊन चार ठिपके देऊन टाकले. अगदी हुबेहूब. स्वतःवर खूश होते मी.

दोनेक महिन्यांनी काकांकडे कुणाचीतरी तार आणायला गेले, तर ते शिकाऊ व्हायोलिन एक बाई मुलीसाठी घेत होत्या. काका त्यांना सांगत होते, "हे पाऊण मापाचं आहे. अकरा-बारा वर्षांची झाली की पूर्ण मापाचं घ्या." पाऊण मापाचं! म्हणजे मी पाऊण व्हायोलिनचे ठिपके पूर्ण व्हायोलिनला दिले होते. चौथा ठिपका तर जवळपास अर्ध्या बोटाने अलीकडे.

आणि ताई तर महिनाभर रोज जाऊन वाजवून येत होती.

त्या दिवसापासून संशय मलाही लागला. आधी वाटलं, ही बेसूर वाजवते आणि शेवटच्या ओळीतलं कुणी ऐकत नाही. मी फाइली टाकून दाराशी उभी राहून ऐकायचे, डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं कानांत घालून. मला काही चूक सापडेना. शेवटी न राहवून चष्मेवाल्यांना आडून विचारलं, "आमच्या ताईचं कसं काय चाललंय?" ते म्हणाले, "आमच्या ओळीत सूर सापडेनासा झाला ना बाई, की मी तुमच्या ताईंकडे कान देतो. त्यांचं बोट चुकत नाही."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वाजवताना ती त्या ठिपक्यांकडे बघतच नाही! बघणार कधी? डोळे नोटेशनवर असतात. वाजवण्याआधी एकदा नजर टाकते, आहेत ना, आहेत. मग तिचा कान तिला नेतो तिथे बोटं जातात. कुणास ठाऊक किती वर्षांपासून. आणि तिला वाटतं की सगळं त्या चार ठिपक्यांच्या जिवावर चाललंय.

हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर व्हायोलिन पाडलं हेही सांगावं लागलं असतं, आणि वर लबाडी केली हेही. आज सांगू, उद्या सांगू करत अकरा वर्षं गेली. एक गोष्ट मात्र खरी, मला भीती नुसत्या रागाची नव्हती. साऱ्या जगात एका माणसावर ही डोळे मिटून विसंबते, आणि ते माणूस मी आहे, याची मला चटक लागली होती.

असो. तर मंगळवारी ताईचा तपास सुरू झाला. चष्मेवाल्यांना ती मधल्या सुट्टीत म्हणाली, "तुमचा नंबर वाढलाय का हो?"

"वाढलाय ना," ते बिचारे सरळ बोलले. "जवळचं काही दिसत नाही."

"म्हणजे लांबचं दिसतं."

"लांबचं उत्तम दिसतं."

ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू कबुलीजबाबच मिळाला. तिच्या व्हायोलिनची मान त्यांच्यापासून लांब की जवळ, हे तिने मग दुपारभर फुटपट्टीने मोजलं.

संध्याकाळी म्हणाली, चल, काकांकडे जाऊ. मी डोकं दुखतंय म्हटलं, उद्या जाऊ म्हटलं, दुकान बंद असेल म्हटलं. ऐकेल ती ताई कसली! काका आता फार थकलेत. भिंगातून बघत एका घोडीला, म्हणजे तारांखालच्या लाकडी तुकड्याला, पॉलिश करत होते. ताईने इकडचं तिकडचं काढलं, नव्या हेडमास्तरांचं वाद्य इथे आलं होतं का, त्यांनी आमच्यापैकी कुणाची चौकशी केली का. काका नाही नाही म्हणत होते, आणि मध्येच त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"तुमची ती पट्टी बसवली होती मी, ती टिकली ना व्यवस्थित?"

"कुठली पट्टी?" ताई म्हणाली.

"काळी. उखडून आली होती बघा. यांनीच तर आणली..." त्यांनी बोट माझ्याकडे केलं.

"काका, ते दुसऱ्या कुणाचं असेल," मी म्हटलं. आवाज चढवून म्हटलं. "तुमच्या लक्षात राहत नाही हल्ली काही."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "असेल, असेल. वय झालं." आणि पुन्हा घोडी हातात घेतली. मला स्वतःची शिसारी आली.

रस्त्यात ताई म्हणाली, "म्हातारा मुद्दाम काहीतरी बरळत होता. कुठेतरी पाणी मुरतंय."

बुधवारी तालीम नव्हती. दुपारी मी कपड्यांच्या घड्या करत होते, तर ताई एक कागद घेऊन आली. "वाचून बघ, काही चुकलंय का." राजीनामा होता. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं होतं, आणि खाली सही.

"ठिपके पुसून टाक की!" मी म्हटलं. "कुणाला दिसणार आहेत?"

"आणि मग वाजवू कशावर? आणि पुढून परकं व्हायोलिन हातात येईल, त्याच्यावर कशाने वाजवू? उघडी पडण्यापेक्षा गेलेलं बरं." ती खुर्चीवर बसली. फौजदार म्हणतात ते माणूस एवढंसं दिसत होतं. "बावीस वर्षं, छोटी. मला एवढंच येतं. दुसरं काही येत नाही मला."

आता मला गप्प बसणं शक्य नव्हतं. मी हातातला कपडा खाली ठेवला आणि सांगितलं. पेटी, फरशी, काका, स्पिरिट, कागदाची पट्टी, पाऊण माप. एका दमात. थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

ताई हसली. खरंच हसली! "मला धीर द्यायला काहीही रचतेस तू," ती म्हणाली. माझी लबाडी सांगितली, तरी तिचा माझ्यावर विश्वास तसाच. मला रडू फुटलं.

"व्हायोलिन काढ," मी म्हटलं. "काढ! चौथ्या ठिपक्यावर करंगळी ठेव. बघून ठेव. नोटेशनकडे नाही, ठिपक्याकडे बघ. आणि गज फिरव."

तिने काढलं. मान वाकवून, डोळे बारीक करून करंगळी बरोबर ठिपक्यावर टेकवली आणि गज ओढला. इतका उतरलेला, इतका भयंकर सूर निघाला की खाली लाँड्रीवाल्याची इस्त्री थांबली असेल. ताई दचकली. तिने पुन्हा ओढला, तसाच. मग तिने डोळे मिटले आणि तोच सूर पुन्हा वाजवला. बोट आपोआप पुढे सरकलं होतं. स्वच्छ सूर. डोळे उघडून तिने बोटाकडे बघितलं, ठिपक्याकडे बघितलं, दोघांमधल्या अंतराकडे बघितलं. असं तिने चारही बोटांचं केलं, चारही तारांवर. मी मोजत नव्हते, पण अर्धा तास तरी गेला असेल. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती होती, मग नवल, आणि मग असा काही आनंद की मी तो तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, सुटले! आता ही उठून मला मिठी मारेल.

तिने व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"केव्हापासून माहीत होतं तुला?"

"अकरा वर्षं."

"अकरा वर्षं मी रोज भीत भीत जात होते, आणि तू बघत होतीस."

"ताई, मी सांगणारच..."

"काल त्या म्हाताऱ्याला तू खोटं पाडलंस," ती म्हणाली. "माझ्यासमोर. आणि मला कळलं नाही." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तिने राजीनामा फाडला, कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, चिंधीने ते चार ठिपके पुसले, आणि चिंधी केरात टाकली. मी चहा केला, तो तिने घेतला.

गुरुवारी कवायत झाली. हेडमास्तरांनी आपली एक तार सोडवून मोकळी केली, टाळी वाजवली, आणि व्हायोलिनं पुढे निघाली. ताईचं व्हायोलिन पुढच्याने घेतलं, नजर टाकली, हनुवटीखाली धरलं. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. तिच्या हातात आलं ते हेडमास्तरांचं, तीन तारांचं. मी दाराशी फाइली छातीशी धरून उभी होते. आठ ओळी सुरू झाल्या. तिचा पहिला सूर जरासा उतरला, हेडमास्तरांच्या व्हायोलिनची मान वेगळी होती. तिने बोट किंचित पुढे नेलं आणि सूर लागला, आणि मग आठही ओळी ती डोळे मिटून वाजवत गेली. माझे डोळे भरून आले होते, मला समोरचं धड दिसत नव्हतं. शेवटी हेडमास्तर मागे वळून म्हणाले, "शेवटची ओळ, छान."

मधल्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. ती चष्मेवाल्यांशी बोलत होती. "छान का म्हणाला असेल हो तो?" असं त्यांना हळू आवाजात विचारत होती. त्यांच्यावरचा तिचा संशय फिटला होता. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी जवळ गेल्यावर दोघं बोलायचे थांबले.

ताई माझ्याशी भांडलेली नाही. अजून मला छोटी म्हणते, माझ्यासाठी भाकरीचा पापुद्रा काढून ठेवते, पाय दुखले तर तेल चोळून देते. काल दुपारी जेवताना मी सांगितलं, "उद्याची तालीम साडेदहाला आहे, दहाला नाही." तालमीच्या वेळा मीच टाइप करते, मीच फळ्यावर लावते.

"बरं," ती म्हणाली. हात धुतले आणि आतल्या खोलीत गेली. मी ताटं उचलत होते, तेव्हा आतून तिचा आवाज आला. ऑर्केस्ट्राच्या ऑफिसला फोन लावून ती विचारत होती, उद्याची तालीम किती वाजता आहे.